मॉन्टेसरी शिशुवर्ग : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

आमच्या शिशुवर्गात साधारण दीड ते तीन वर्षांची मुलं असतात. प्रवेश घेण्याआधी आणि घेतल्यावरही आई-बाबा, आणि त्यांच्याहून जास्त आजी-आजोबा, जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषयच तसे आहेत.

दीड वर्षाच्या मुलाला शाळेत घालायची खरंच गरज आहे का?

सक्तीची गरज नाही. घरात कुणाकडे निवांत वेळ असेल, मुलाला हात लावता येतील अशा वस्तू असतील, खाली उतरून मातीत खेळायला जागा असेल आणि सोबतीला दोन-चार मुलं असतील, तर ते मूल घरीही छान वाढतं. पण आज अनेक घरांत मुलाच्या हाताला लागेल ते सगळं वर उचलून ठेवलेलं असतं आणि त्याला दिवसभर ‘नको’, ‘पडशील’, ‘मी देते’ एवढंच ऐकू येतं. अशा मुलाला दिवसातले तीन-चार तास त्याच्या मापाच्या जागेत मिळाले, तर त्याच्यात बराच फरक दिसतो.

एक मात्र स्पष्ट सांगतो. हा वर्ग म्हणजे नर्सरीची पूर्वतयारी नाही. इथे अक्षरं गिरवून घेत नाहीत आणि अंक पाठ करून घेत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून धरला आहे आणि पहिलीचं वय सहा वर्षं आहे. त्याआधी ‘अभ्यास’ नावाचं काहीही मुलाच्या मागे लावणं आम्हाला मान्य नाही.

ही पद्धत सुरू करणाऱ्या इटालियन डॉक्टर मारिया मॉन्टेसरी, त्यांचं काम तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं. हा लहानांचा वर्ग कुठून आला?

सुरुवात मोठ्या मुलांपासूनच झाली. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या कामगार वस्तीत मॉन्टेसरींनी पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. तिथली मुलं शाळेच्या वयाची झालेली नव्हती, पण तान्हीही नव्हती. पहिल्या तीन वर्षांचा विचार पुढे वाढत गेला आणि त्यात भारताचा मोठा वाटा आहे.

१९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मुलगा मारिओसह मद्रासला अड्यारला आल्या. पहिल्याच प्रशिक्षणवर्गाला सुमारे ३०० विद्यार्थी होते. १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. इटालियन नागरिक म्हणून मारिओंना स्थानबद्ध करण्यात आलं आणि बाईंच्या फिरण्यावरही बंधनं आली. काही महिन्यांच्या मुक्कामासाठी आलेल्या बाई १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. मधली काही वर्षं त्या कोडाईकनालला होत्या आणि तिथे तान्ह्या बाळांपासून मोठ्या मुलांपर्यंत सगळी त्यांच्या डोळ्यांसमोर वाढत होती. आईच्या कडेवर बाजारात, देवळात, शेतात जाणारं भारतीय बाळ भोवतालचं सगळं कसं टिपत असतं, हे त्यांनी इथे जवळून पाहिलं. पुढे १९४७ मध्ये रोममध्ये आदेले कोस्ता न्योक्की यांच्या पुढाकाराने शून्य ते तीन वयोगटासाठी वेगळं प्रशिक्षण सुरू झालं. आजचे शिशुवर्ग त्या परंपरेतले आहेत.

महाराष्ट्राला तर हा विचार घरचाच वाटावा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक भावनगरला, गुजरातेत मॉन्टेसरी विचार रुजवणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत बालशिक्षण नेलं. मूल अंगणवाडीपर्यंत येत नसेल तर अंगणवाडी त्याच्या अंगणात न्यायची, असा त्यांचा खाक्या होता. महागडी लाकडी साधनं नव्हती तिथे बिया, गोटे, पानं, शिंपले वापरले. परदेशी साहित्याशिवाय मॉन्टेसरी होत नाही, असं कुणी सांगितलं तर ही दोन नावं आठवावीत.

मुलं तिथे दिवसभर नेमकं करतात काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, कारण ‘आज काय केलंस?’ असं विचारलं तर मूल ‘पाणी’ एवढंच सांगतं. ते खरंच सांगत असतं.

सकाळी आल्यावर चपला काढून खणात ठेवायच्या, पिशवी आपल्या खुंटीला अडकवायची. खुंटी मुलाच्या खांद्याच्या उंचीवर आहे. यात कधी दहा मिनिटं जातात. ताई शेजारी बसून असते, पण स्वतः पिशवी अडकवून मोकळी होत नाही. मग अडीच तासांचा सलग वेळ असतो. या वेळात घंटा नाही आणि ‘चला, आता सगळे गोल बसा’ असंही नाही. बुटक्या कपाटावर कामं मांडलेली असतात आणि मूल हवं ते उचलून टेबलावर किंवा चटईवर नेतं. झालं की जागेवर ठेवतं. ठेवायला विसरलं तर ताई त्याच्यासोबत जाते.

एका केळ्याचं सांगतो. बावीस-तेवीस महिन्यांची मुलगी. आधी हात धुतले. त्यात साबणाचा फेस बघण्यात बराच वेळ गेला. मग एप्रन. तो डोक्यातून घालायचा असतो, नाडी नसते. टोपलीतून अर्धं केळं घेतलं. सालाला ताईने वरून एक चीर दिलेली होती. ती पकडून एकेक पट्टी खाली ओढली आणि प्रत्येक पट्टी बाजूच्या वाटीत टाकली. मग नागमोडी पात्याचा कटर दोन्ही हातांनी धरून दाबला. पहिली चकती जाड, दुसरी कागदासारखी, तिसरी तिरकी. चकत्या ताटलीत ठेवल्या, एक स्वतः खाल्ली आणि ताटली घेऊन वर्गभर फिरली. प्रत्येकापुढे थांबून ‘घे’ म्हणाली. मग परत येऊन पाट पुसला, सालं कचऱ्याच्या डब्यात टाकली. या एका कामात हाताची पकड, दोन्ही हातांचं सहकार्य, क्रम लक्षात ठेवणं, तोल सांभाळत चालणं, दुसऱ्याला देणं आणि एक सुरेख शब्द एवढं सगळं होतं. तिच्या आईला संध्याकाळी तिने सांगितलं, ‘केळं’.

अशीच इतर कामं : टेबल घासणं, फडक्याच्या घड्या घालणं, रुमाल धुऊन दोरीवर वाळत घालणं, कुंडीला पाणी घालणं, चिंचेने पितळी वाटी घासणं, कोथिंबीर निवडणं, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, छोट्या पोळपाटावर कणकेचा गोळा लाटणं. शिवाय फटीतून नाणं टाकायची पेटी, मूठ असलेली लाकडी कोडी, चित्रं, गाणी आणि खूप चालणं, ओढणं, चढणं. नंतर अंगणात खेळ, मग एकत्र जेवण.

तेच तेच काम रोज करतो. कंटाळत नाही का?

नाही, आणि कृपया त्याला दुसरीकडे वळवू नका. सान लोरेंझोमधली साधारण तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या भोकांत बसवत होती. मॉन्टेसरींनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, इतर मुलांना मोठ्याने गायला लावलं, तरी तिचं काम थांबलं नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केलं आणि मग आपणहून थांबली, ताजीतवानी होऊन. बाईंच्या पुढच्या कामावर या प्रसंगाची मोठी छाप आहे. मूल एखाद्या गोष्टीत असं रमलेलं दिसलं की घरात टीव्ही बंद करा आणि ‘अरे वा!’ सुद्धा म्हणू नका. ते भान हरपून करत असतं आणि आपल्या एका शब्दाने त्याची तंद्री मोडते.

काचेचे पेले, सुऱ्या... इतक्या लहान मुलांच्या हातात?

हो, पण विचार करून. पेला छोटा, जाड बुडाचा असतो. सुरी म्हणजे लोणी लावायची बोथट सुरी किंवा नागमोडी कटर. धारदार पातं आम्ही या वयात देत नाही. प्लास्टिकचा पेला आपटला तरी काहीच होत नाही, त्यामुळे जपून ठेवायचं कारणच मुलाला कळत नाही. काच ठेवताना आवाज येतो, ती जड लागते आणि हात आपोआप सावध होतो.

पेला फुटतो. तेव्हा ताई शांतपणे ‘थांब’ म्हणते, मुलांना चटईवर नेते, मोठी माणसं काचा गोळा करतात आणि ओल्या फडक्याने फरशी दोनदा पुसून घेतात. मुलाला रागावत नाही. ‘पेला फुटला. आता काच झाली. आपण दुसरा आणू.’ एवढंच.

खरा धोका दुसरीकडे असतो. हरभरे, राजमा, मणी, बटणं या गोष्टी नाकात, कानात, घशात जातात. म्हणून चमच्याने कडधान्य एका वाटीतून दुसऱ्या वाटीत घालायचं काम आम्ही या वर्गात ठेवत नाही. पाणी आणि स्पंज ठेवतो. फोडलेल्या शेंगांतले दाणे मुलांना तसेच खायला देत नाही, त्यांचं कूट होतं. द्राक्षं उभी चिरूनच द्या, डब्यातसुद्धा.

सोडताना फार रडतो. आम्ही नजर चुकवून निघून गेलो तर चालेल का?

नाही. ही एकच गोष्ट आम्ही अगदी ठामपणे सांगतो. मूल मागे वळून बघतं आणि आई नसते. मग पुढचे कित्येक दिवस ते तुमचा पदर सोडत नाही, घरातही नाही. त्यापेक्षा रडू द्या, पण सांगून जा : ‘मी ऑफिसला जाते. तू जेवलास की मी येईन.’ घड्याळ त्याला कळत नाही, जेवण कळतं. एकदा निरोप घेतला की निघा. दारात घुटमळू नका, तिसऱ्यांदा परत येऊन पापा घेऊ नका.

पहिले काही दिवस आई किंवा बाबा, किंवा आजी, वर्गात एका खुर्चीवर बसतात. ते मुलाला खेळवत नाहीत, नुसते असतात. मग अर्ध्या तासासाठी बाहेर, मग एक तास. बहुतेक मुलं दोन-तीन आठवड्यांत रुळतात. काहींना दोन महिने लागतात आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. मधे आजारपण किंवा दिवाळीची सुट्टी आली की पुन्हा दोन दिवस रडारड होते, तीही अपेक्षित आहे. रडणाऱ्या मुलाला आमच्याकडे ‘गप्प बस’ म्हणत नाहीत. ताई त्याला जवळ घेते. काही मुलांना मांडी हवी असते, काहींना आईची ओढणी हातात हवी असते. तीही चालते.

शी-शू सांगायला कधी शिकेल? प्रवेशासाठी डायपर सुटलेलं असावं लागतं का?

नाही लागत. ते शिकणं हा आमच्या दिवसाचाच भाग आहे.

मूल नीट चालायला लागलं की बहुधा ते उभं राहून कपडे बदलून घ्यायला तयार असतं. म्हणून आम्ही आडवं न करता, बाथरूममध्येच, उभ्यानेच बदलतो. चड्डी खाली ओढायचं आणि ओले कपडे टोपलीत टाकायचं काम मूल स्वतः करतं. वर्गात डायपरऐवजी जाड सुती चड्डी असते. डायपरमध्ये ओलं झालेलं मुलाला जाणवतच नाही, आणि जाणवल्याशिवाय कळणार कसं? आजीच्या काळातल्या लंगोटाचा हा मोठा फायदा होता. लंगोटातल्या मुलाला आपण ओलं केलं हे लगेच कळायचं.

दर थोड्या वेळाने पॉटवर बसायचं सुचवतो, बसवून ठेवत नाही. झालं नाही तर उठू देतो. शू झाली म्हणून टाळ्या नाहीत, चड्डीत झाली म्हणून ‘शी, घाण!’ नाही. ‘चड्डी ओली झाली. चल, कोरडी घालू.’ पावसाळ्यात पाच-सहा चड्ड्या जास्त पाठवा, वाळत नाहीत.

घरी डायपर आणि शाळेत चड्डी असं चाललं की मूल गोंधळतं. रात्रीचं डायपर वेगळी गोष्ट आहे, त्याची घाई नको. सुटलेलं डायपर नवीन बाळ आल्यावर किंवा घर बदलल्यावर पुन्हा लागलं, तर तेही नेहमीचंच आहे.

माझ्या मुलाला दुसऱ्याने चावलं. तुम्ही काय केलंत?

आधी ज्याला चावलं त्याच्याकडे गेलो : जागा धुतली, गार पट्टी ठेवली, जवळ घेतलं. मग चावणाऱ्याला थोडक्यात सांगितलं, ‘चावायचं नाही. त्याला दुखलं.’ त्यापुढे भाषण नाही, कोपऱ्यात उभं करणं नाही, जबरदस्तीचं ‘सॉरी’ही नाही.

दीड-दोन वर्षांच्या मुलाला राग येतो, वस्तू हवी असते, कुणी फार जवळ आलेलं असतं, दात येत असतात, आणि हे सांगायला शब्द नसतात. त्यामुळे आम्ही शब्द पुरवतो : ‘माझं आहे म्हण’, ‘सरक म्हण’. शिवाय कधी, कुठे, कोणत्या वेळी चावलं याची नोंद ठेवतो. बऱ्याचदा ते भुकेच्या वेळेआधी किंवा दाटीच्या जागी घडतं, आणि ती वेळ किंवा जागा बदलली की कमी होतं. चावणाऱ्याचं नाव आम्ही दुसऱ्या पालकांना सांगत नाही. राग येतो, समजतं. पण हे नाव उद्या तुमच्या मुलाचंही असू शकतं.

वर्गात प्रत्येक वस्तू एकच का? मग भांडणं होत नाहीत?

होतात, पण कमी. ज्याने आधी घेतलं त्याचं काम संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, एवढा एकच नियम आहे. ‘त्याला दे, तू मोठा आहेस ना’ असं आम्ही म्हणत नाही. रमलेल्या मुलाच्या हातातून काम काढून घ्यायला लावणं म्हणजे वाटून घ्यायला शिकवणं नव्हे. मनासारखं करून झालेलं मूल वस्तू आपणहून जागेवर ठेवतं आणि वाट बघणाऱ्याला ‘झालं’ म्हणून सांगतं. वाट बघणं कठीण असतं. ताई त्याच्यासोबत वाट बघते.

शाब्बासकी, स्टार, चॉकलेट काहीच देत नाही?

देत नाही. केलेलं दिसलं की तेवढं म्हणतो : ‘सगळं पाणी पुसलंस. फरशी कोरडी झाली.’

वर्गात मराठी का? पुढे इंग्रजी माध्यमात घालायचंय.

दीड ते तीन या काळात भाषेला भरती येते. आज वीस शब्द बोलणारं मूल काही महिन्यांत वाक्यं बोलू लागतं. या वयात त्याला एक तरी भाषा भरघोस, पूर्ण वाक्यांची, जिवंत माणसाच्या तोंडून मिळायला हवी. ती घरची भाषा असावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. आई-बाबांना जी सहज येते, जिच्यात रागावता येतं, लाड करता येतात, गाता येतं, ती. तुमच्या घरी कानडी किंवा हिंदी असेल तर घरी तीच बोला, वर्गात मूल मराठी ऐकेल. मुलांना दोन भाषा झेपतात. त्यांना जड जाते ती अर्धीमुर्धी भाषा : ‘बेटा, हँड वॉश करून घे, मग मिल्क देते.’

शब्द आम्ही वस्तू हातात देऊन देतो. टोपलीत खऱ्या भाज्या असतात. ‘हे वांगं. ही भेंडी. ही गवार.’ मूल वांग्याचं गुळगुळीत साल चाचपतं, भेंडीची लव बोटाला लागते. मग ‘वांगं माझ्या हातात दे’, ‘भेंडी टोपलीत ठेव’. मूल बोलत नसलं तरी त्याला कळलंय हे इथे दिसतं. ‘हे काय?’ असं विचारणं सगळ्यांत शेवटी, आणि तेही उत्तर नक्की येणार अशी खात्री असेल तरच. घरीही परीक्षा घेऊ नका. पाहुण्यांसमोर ‘बाळा, काकांना गाईला काय म्हणतात सांग’ हे तर नकोच. स्वयंपाकघरात मुलाला पातेलं, कढई, झारा, पळी, गडू, परात ही सगळी नावं मिळू द्या. सगळ्याला ‘भांडं’ म्हणू नका.

दोन वर्षांचा झाला, अजून बोलत नाही. ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणतात. थांबावं का?

थांबू नका. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखी दोन शब्दांची जोडणी नसेल, हाक मारल्यावर मूल वळत नसेल, बोट दाखवून काही दाखवत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानाची तपासणी करून घ्या. बऱ्याचदा काही निघत नाही, मग निश्चिंत व्हा. काही निघालं तर या वयात सुरू केलेल्या उपचारांचा फायदा खूप मोठा असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्हा रुग्णालयांत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे ही तपासणी मोफत होते. वर्गात आमच्या काही लक्षात आलं तर आम्ही तुम्हाला स्पष्ट सांगू. तेव्हा ते मनाला लावून घेऊ नका, ही विनंती.

मॉन्टेसरीत कल्पित गोष्टी चालत नाहीत म्हणे. मग आजीने चिऊ-काऊची गोष्ट सांगायची नाही?

सांगायची, जरूर सांगायची. वर्गात आम्ही खऱ्या गोष्टींची पुस्तकं ठेवतो : बाजार, पाऊस, गाय, आंघोळ. या वयाला खरं जगच पुरेसं नवलाचं असतं, आणि आधी खरी चिमणी पाहिली की गोष्टीतली चिमणी कळते. पण आजीच्या मांडीवर बसून ऐकलेल्या गोष्टीतला ताल, तिचा आवाज, ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे’ची पुन्हा पुन्हा येणारी ओळ ही भाषेची अस्सल मेजवानी आहे. काहीजण इथे आमच्याशी सहमत होणार नाहीत. आम्हाला मात्र ती तोडावीशी वाटत नाही.

मोबाइल दाखवल्याशिवाय जेवतच नाही. काय करू?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन देऊच नये, आणि दोन ते चार वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. जेवणाच्या वेळी तर मुळीच नको, कारण पोट भरल्याची खूणच मुलाला कळत नाही.

मोबाइल बंद करा आणि त्याच वेळी भरवणंही बंद करा. दोन्ही एकमेकांना धरून असतात. आजीला भरवताना बरं वाटतं, त्यात माया आहे, हे आम्हाला कळतं. तिला दुसरं काम द्या : ताटाशेजारी बसून तिने स्वतः जेवावं. मुलाला छोट्या पाटावर किंवा बुटक्या खुर्चीवर बसवा, ताटलीत चार घास वाढा आणि हाताने खाऊ द्या. वरण-भात सांडेल. खाली जुनं कापड अंथरा. पहिला आठवडा कमी खाईल. वजन आणि वाढ ठीक असेल तर घाबरू नका. वर्गात जी मुलं तीन पोळीचे तुकडे आणि भाजी स्वतः संपवतात, तीच घरी तोंड मिटून बसतात, हे आम्ही नेहमी बघतो.

डबा आणि कपडे?

डबा मुलाला स्वतः उघडता येणारा. कपडे इलॅस्टिकचे. जीन्स, डंगरी, पट्टा नको, कारण त्यात मूल स्वतः बाथरूमला जाऊ शकत नाही. चपला वेल्क्रोच्या. प्रत्येक वस्तूवर नाव.

गॅदरिंग असतं का?

नसतं. दोन वर्षांच्या मुलाला रंगवून, अनोळखी गर्दीसमोर, मोठ्या आवाजात नाचवणं आम्हाला पटत नाही. त्याऐवजी वर्षातून काही सकाळी एकेका पालकाने वर्गात येऊन कोपऱ्यात बसावं आणि बघावं. तेव्हा जे दिसतं ते कुठल्याही कार्यक्रमात दिसत नाही.

घरी काय करू? मॉन्टेसरीची खेळणी ऑनलाइन मागवू का?

नका मागवू. पैसे वाचवा. हवं ते घरात आहे. बाथरूममध्ये एक पक्का स्टूल ठेवा, म्हणजे नळाला हात पोचेल. दाराशी खालच्या उंचीवर एक खुंटी ठोका. खेळणी मोठ्या टोपलीत ओतून ठेवण्यापेक्षा पाच-सहा बुटक्या फळीवर मांडा, बाकीची वर ठेवा आणि काही दिवसांनी बदला. छोटा झाडू, छोटं फडकं द्या. झोपायला जमिनीवरची गादी उत्तम, त्यावरून मूल स्वतः उतरतं.

सगळ्यांत अवघड गोष्ट वेळ देणं. सकाळी घाईत चप्पल तुम्हीच घालता, ते स्वाभाविक आहे. मग संध्याकाळी खाली जाताना त्याला घालू द्या. उलटी घातली तरी असू द्या. आणि एक काम रोज सोबत करा : मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी. तुमच्या कामाचा वेग अर्धा होईल, हे धरूनच सुरू करा.

नावात ‘मॉन्टेसरी’ असलेल्या इतक्या शाळा आहेत. खरी कुठली, कसं ओळखायचं?

हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही पाटीवर लावू शकतं. पाटी सोडा आणि कामाच्या वेळेत अर्धा तास आत बसू द्या असं विचारा. बसू देत नसतील तर तिथेच उत्तर मिळालं.

आत गेल्यावर हे बघा. मुलं वेगवेगळी कामं करताहेत, की सगळी एकच? ताई वरून ओरडून सांगते, की खाली बसून हळू बोलते? सांडल्यावर पुसायला कोण जातं? फडकं मुलाच्या हाताला लागेल असं आहे का? दहा-बारा मुलांमागे किमान दोन मोठी माणसं आहेत का? बाथरूम स्वच्छ आणि मुलांच्या मापाचं आहे का? बाहेर पाय मोकळे करायला जागा आहे? शिक्षिकेने शून्य ते तीन वयोगटाचं प्रशिक्षण घेतलंय का, हेही विचारा. तीन ते सहाचं प्रशिक्षण चांगलंच, पण ते वेगळं. भिंतीवर कार्टूनची गर्दी, मोठ्या स्क्रीनवर गाणी आणि दीड वर्षाच्या मुलाच्या हातात वर्कशीट दिसली, तर पुढे जा.

तीन वर्षांचा झाल्यावर काय?

वाढदिवसाला लगेच हलवत नाही. मूल बहुतेक वेळ कोरडं राहतं, वाक्यांत बोलतं, एका कामावर टिकतं आणि मोठ्यांच्या वर्गात डोकावायला लागतं, तेव्हा आम्ही आई-बाबांशी बोलतो. मग आठवडाभर रोज थोडा वेळ ते तिकडे जाऊन येतं. आधी ताईसोबत, मग एकटं. काही मुलं दुसऱ्याच दिवशी तिकडेच थांबतात. काही मुलं चार दिवस जाऊन परत येतात आणि आपल्या जुन्या टेबलावर केळं कापत बसतात. त्यांच्यासाठी महिनाभर थांबतो आणि मग पुन्हा विचारतो.